मदत हवी: विंडोज, लिनक्स, मॅक तिन्हीवर चालेल असा आळीपाळीने खेळायचा गेम

नमस्कार मंडळी,

आमचं छोटं डिझाईन ऑफिस, बेळगावात उद्यमबागेत. चौघं इथं बसतो, एक गडी निपाणीत घरूनच काम करतो आणि एक मॅडम धारवाडहून. जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांनी मिळून काहीतरी खेळावं अशी टूम निघालीय. मोबाईलवरचा लुडो सुचवू नका. मोबाईल हातात दिसला की साहेबांच्या कपाळाला आठ्या पडतात, कॉम्प्युटरवर मान खाली असली की काम वाटतं.

अडचण मशीनची. ड्रॉइंगवाले आम्ही विंडोजवर, मॅडमकडे मॅक, आणि निपाणीचा गडी लिनक्स मिंटवर (विंडोजचं नाव काढा, व्याख्यान सुरू). त्यात मध्येच पार्टीचा फोन येतो, पावसात निपाणीची लाईट जाते. म्हणजे धावपळीचा गेम नको. आपली चाल करून उठावं, पुढच्यानं सवडीनं करावी, डाव तिथंच थांबलेला असावा.

शब्दांचे गेमही बाद. दोघांना मराठी बोलता येतं पण वाचता येत नाही, आमचं कन्नड त्याहून दिव्य. चित्र काढून ओळखायचा गेम खेळून बघितला, तर मी काढलेल्या आमच्या बेळगावी कुंद्याला मॅडमनी ‘सिमेंट’ लिहिलं! धारवाडी पेढेवाल्यांना कुंदा काय कळणार म्हणा.

लीचेसवर बुद्धिबळ छान चाललं होतं. ब्राउझरमध्येच उघडतं, फुकट आहे, एका चालीला १ ते १४ दिवसांची मुदत ठेवता येते. पण ते दोघांचं, आणि अकाउंटवाल्या काकांसमोर बसायला आता कोणी तयार नाही. मग वेसनॉथ हा आळीपाळीने लढायचा गेम टाकला. तिन्हीकडे चालतो, फुकट, पण मिंटवर १.१६ आवृत्ती आणि बाकीच्यांकडे १.१८, त्यामुळे निपाणीकराला आत घेईना.

चार ते सहा जणांना पुरेल असं काय आहे? शक्यतो इन्स्टॉल न करता.

खानापूरकर:
भाऊ, बोर्ड गेम अरिना ही साइट बघा की ओ. सगळं ब्राउझरमध्ये, त्यामुळे कुठलं मशीन हा प्रश्नच नाही. टेबल (म्हणजे नवा डाव) लावताना रिअल टाईम न घेता टर्न-बेस्ड निवडा, तुमची पाळी आली की मेल येतो. काही गेम प्रीमियमवाले (पैसे भरून) आहेत, पण टेबलावर एकाकडे प्रीमियम असलं तरी बाकीचे फुकटात बसतात. सुरुवातीला कार्कासोन घ्या. एक फरशी उचलायची, रस्ता नाहीतर गाव जुळवून ठेवायची, झाली चाल. वाचायला काही नाही, मराठी-कानडी भांडणच नको. फक्त पाचजणांचा आहे, सहावा राखीव.

उंटावरचा:
फ्रीसिव्ह कुणी कसं सांगितलं नाही? १९९६ पासूनचा गेम, तिन्ही सिस्टिमवर आहे. एका फेरीत सगळे एकदमच चाली करतात, सगळ्यांचं ‘टर्न डन’ झालं की फेरी पुढे, त्यामुळे आपली पाळी यायची वाट बघत बसणं नाही. टाईमआऊट शून्य ठेवला तर घाईही नाही. मात्र एकाच्या मशीनवर सर्व्हर चालू ठेवून ५५५६ पोर्ट (बाकीच्यांना नेटवरून आत यायचं दार) उघडा लागतो, ऑफिसच्या नेटवर ते जमतंय का बघा. शिकायलाही वेळ लागतो, साम्राज्य उभं करायचंय, चौकाबारा नव्हे. आणि वेसनॉथचं म्हणाल तर मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये फ्लॅटपॅकवाली (कुठल्याही लिनक्सवर चालणाऱ्या पॅकेजची) आवृत्ती घ्यायला सांगा, नवी मिळेल. पण त्यात सगळ्यांना एकाच वेळी बसावं लागतं.

धागाकर्ता:
धन्यवाद दोघांनाही. पोर्ट उघडा म्हटलं तर नेटवर्कवाला आधी कारण विचारेल, म्हणून फ्रीसिव्ह राहू दे. कार्कासोनचा टेबल लावलाय, मी राखीव. वेग कुठला ठेवू? दिवसाला एक चाल ठेवली तर डाव दिवाळीपर्यंत चालेल, आणि जास्त ठेवल्या तर निपाणीची लाईट.

खानापूरकर:
वेगात खाली ‘वेळेची मर्यादा नाही’ असाही पर्याय आहे, फक्त मित्रमंडळींच्या टेबलाला. तो घ्या. आणि रेंगाळणाऱ्याला चहा लावा.