मदत हवी आहे: ऊसतोड मजुरांच्या हिशेबवह्यांसाठी

नमस्कार मंडळी. आम्ही वडोदऱ्यातले काही विद्यार्थी बारडोलीकडच्या ऊसतोड पडावांवर जातो. मजूर नंदुरबार, डांगकडचे. मुकादम आधी उचल देतो, नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’ असं मोजतात आणि मजुरी टनावर. हिशेब थेट हंगाम संपताना. तोवर खावटीचे, म्हणजे हंगामात खाण्यापिण्यासाठी दिलेल्या धान्या-पैशांचे, आकडे मुकादमाच्याच वहीत. एका ताईंनी पदराच्या गाठीतून चिठ्ठी काढून दाखवली, तिच्यावर नुसत्या रेघा. तारीख नाही, वजन नाही. हे फार चीड आणणारं आहे.

आता प्रत्येक कोयत्याला स्वतःची वही द्यायची आहे. पावरी किंवा भिली बोलणारं कुणी रविवारी सोबत येईल का? कामगार कायदा जाणणारे वकीलही हवेत. शिवाय ‘एक देश, एक रेशनकार्ड’मध्ये महाराष्ट्राचं कार्ड गुजरातेत चालतं, दुकानदार नाही म्हणाला तर तक्रार कुठे करायची?