पिंजऱ्यातील मत्स्यपालन : पाणी कधी आणि कुठे तपासले?

खाजण सरोवरात, म्हणजे समुद्राला जोडलेल्या उथळ खाऱ्या सरोवरात, जाळीचे पिंजरे सोडून मासे वाढवतात. अशा पिंजऱ्यांजवळचे पाणी दुपारी तपासले असता विरघळलेला ऑक्सिजन पुरेसा आढळला, त्याअर्थी सरोवराला उपद्रव नाही, असा एक दावा केला जातो. हा निष्कर्ष मला घाईचा वाटतो. दुपारी सूक्ष्म शैवालाचे प्रकाशसंश्लेषण भरात असते, त्यामुळे पाण्यात ऑक्सिजन वाढलेलाच असतो. ऑक्सिजन सर्वांत कमी असतो तो पहाटे, आणि तोही बहुधा तळाशी. खाद्यातील नत्रापैकी साधारण एक तृतीयांश किंवा त्याहूनही कमी माशांच्या शरीरात राहते. उरलेले बहुतांशी अमोनियाच्या रूपाने पाण्यात मिसळते, तर स्फुरदाचा (फॉस्फरसचा) मोठा भाग विष्ठा व न खाल्लेल्या खाद्याबरोबर तळाला बसतो. खुल्या समुद्रात प्रवाह हे सारे पांगवतो. चिंचोळ्या मुखातून भरतीचे पाणी घेणाऱ्या सरोवरात ते साचते. पिंजऱ्याखालचा गाळ काळा पडून त्याला कुजक्या अंड्याचा वास येऊ लागला, की तेथे हायड्रोजन सल्फाइड तयार होत आहे असे समजावे, मग पृष्ठभागावरचे आकडे काहीही सांगोत. पिंजरे अधूनमधून हलवून तळाला विश्रांती द्यावी, अशी सूचनाही केली जाते; ती योग्यच आहे; मात्र तिने गाळ सुधारतो, पाण्यात जाणारे एकूण नत्र घटत नाही. त्यासाठी सरोवराचे पाणी किती दिवसांत बदलते हे पाहूनच माशांची संख्या आणि खाद्याचे प्रमाण ठरवावे लागेल.