मदत हवी आहे: नागपूरकडच्या पांदण रस्त्यांसाठी गाडीत कोणती हत्यारं, कोणते सुटे भाग ठेवावेत?

पांदणवाट

नमस्कार मंडळी. गाडी थार, डिझेल, फोर बाय फोर, टायर २५५/६५ आर १८. जाणं-येणं पारशिवनी-रामटेक, उमरेड-भिवापूर आणि काटोलच्या पुढच्या पांदण रस्त्यांवर, अधूनमधून चिखलदऱ्याकडे. बहुतेक वेळा एकटीच गाडी असते. पावसाळ्यात काळी माती आणि नाले, उन्हाळ्यात धूळ, काटे आणि ४५ अंशांचं ऊन.

सध्या गाडीत आहे: कंपनीचा जॅक-पाना, स्टेपनी, सिगारेट लायटरवर चालणारा छोटा कंप्रेसर, २५ फुटी नायलॉनचा दोर, जम्पर केबल आणि टॉर्च.

यात आधी काय बदलू? सोबत दुसरी गाडी नसेल तर कायनेटिक दोर (ताणला जाऊन झटका शोषणारा) घेऊन उपयोग आहे का? सुट्या भागांत नेमकं काय आणि किती ठेवावं? मागे जागा कमी आहे, म्हणून सगळंच भरता येणार नाही.

बारातेरापाना

टायरपासून सुरू करा. आपल्या भागात बाभळीचा काटा आणि तुरीचे खुंट हे दोन मुख्य शत्रू. तूर कापल्यावर वावरात जे तिरके खुंट उरतात ते वाळले की लाकडी खुंटीसारखे कडक होतात आणि टायरच्या बाजूच्या भिंतीत घुसतात. बाजूला झालेल्या चिरेवर पंक्चर किट चालत नाही, तिथे स्टेपनीच लागते. म्हणून स्टेपनीची हवा दर महिन्याला तपासा आणि इतर टायरपेक्षा ४-५ पीएसआय जास्त ठेवा. थारची स्टेपनी मागच्या दारावर उन्हात असते. तिच्यावरचा चार आकडी कोड वाचून ठेवा: २३२१ असेल तर २०२१ सालातला २३ वा आठवडा. न वापरलेला टायरसुद्धा उन्हानं तडकतो.

ट्यूबलेस किट घेताना टी आकाराच्या धातूच्या मुठीचं घ्या. प्लास्टिकची मूठ जाड टायरात सुई दाबताना तुटते. पट्ट्या किमान १५, रबर सोल्यूशनच्या दोन न उघडलेल्या ट्यूब (उघडलेली ट्यूब आपल्या उन्हात वाळून जाते), लांब चोचीची पक्कड, ब्लेड, खडू, साबणाच्या पाण्याची छोटी बाटली. शिवाय व्हॉल्व्हच्या पिना चार आणि त्या काढायची चावी.

काम असं करायचं. काटा किंवा खिळा दिसला तरी सगळं हाताशी येईपर्यंत उपसू नका, जागेवर खडूनं खूण करा. उपसल्यावर रीमर (भोक खरवडून साफ करायची किटमधली खरखरीत सळई) त्याच कोनात घाला ज्या कोनात काटा गेला होता, सरळ घातलात तर दुसरंच भोक पडतं. पट्टीला सोल्यूशन लावून सुईनं दाबा, साधारण अर्धा इंच बाहेर राहू द्या, सुई झटक्यात ओढा आणि उरलेली पट्टी ३-४ मिमीवर कापा. हवा भरून साबणाचं पाणी टाका. भोक मोठं असेल तर दोन पट्ट्या एकत्र. बाभळीचा काटा बरेचदा आत तुटून राहतो आणि एकाच टायरात तीन-चार असतात. एक बुजवून निघालात की दुसरा हळूहळू हवा सोडतो. पूर्ण टायर साबणाच्या पाण्यानं फिरवून बघा.

कंप्रेसर मात्र बदलाच. तुमचा टायर रिकामा असेल तर ३२ पीएसआय भरायला दीडशे लिटरच्या आसपास हवा लागते. लायटरवरचा छोटा कंप्रेसर तेवढा वेळ सलग चालवला की तापून बंद पडतो, आणि लायटरचा फ्यूज साधारण १५ अँपिअरचा असल्यानं मोठा कंप्रेसर तिथे जोडताही येत नाही. थेट बॅटरीला चिमटे लावायचा, मिनिटाला ६०-७० लिटरचा घ्या. हवा भरताना इंजिन चालू ठेवा. वेगळा प्रेशर गेजही ठेवा, कंप्रेसरवरच्या काट्यावर विसंबू नका.

काळीमाती

वर टायरचं आलंच. मी फसलेली गाडी काढण्याबद्दल लिहितो, कारण पावसाळ्यात तेच जास्त होतं.

नायलॉनचा तो दोर गाडीतून काढून टाका. त्यावर वजनाचा आकडा नसतो, गाठ मारली की ताकद आणखी घटते आणि तुटला तर काचेवर येतो.

आपल्याकडे सोडवायला येतो तो ट्रॅक्टर. तो जड असतो, हळू पण सलग ओढतो. त्यासाठी झटका द्यायचा कायनेटिक दोर लागत नाही. पॉलिएस्टरचा ८ टनी, ६ ते ९ मीटरचा साधा पट्टा पुरतो. सोबत पाऊण इंची बो शॅकल (पट्टा हुकला जोडायची, पिन असलेली लोखंडी कडी) दोन, ज्यांच्यावर ४.७५ टन असं कोरलेलं असतं. आकडा नसलेलं शॅकल कितीही जाड असो, घेऊ नका. पिन हातानं पूर्ण आवळायची आणि मग पाव फेरा सैल करायची, नाहीतर ताण आल्यावर ती जाम होते आणि हातानं उघडत नाही.

ट्रॅक्टरवाला दादा बहुतेक स्वतःची साखळी काढतो. त्याला नम्रपणे नाही म्हणा आणि आपला पट्टा द्या. साखळीला ताण शोषता येत नाही, एक कडी तुटली की ती गोळीसारखी येते. पट्टा चासीच्या हुकलाच लावायचा. टो बॉल, बंपर, ॲक्सल, स्टिअरिंगचे रॉड यांना कधीच नाही. पट्ट्याच्या मधोमध ओलं पोतं टाका, म्हणजे तुटला तर खाली पडतो. बघ्यांना पट्ट्याच्या दीडपट लांबीइतकं दूर उभं करा. गावात हेच सर्वात अवघड असतं, पण त्याशिवाय ओढायला सुरुवात करू नका.

ओढण्याआधी खोदा. आखूड दांड्याचं फावडं, एक सब्बल आणि एक खुरपं ठेवा. खुरप्याला पर्याय नाही: काळी माती टायरच्या खाचांत आणि मडगार्डमध्ये अशी बसते की चाक चिखलाचा गुळगुळीत गोळा होतं, ती खरवडल्याशिवाय पकड येतच नाही. फावडं सतत पाण्यात बुडवून घ्या, नाहीतर माती त्यालाच चिकटून बसते. डिफरन्शियल (ॲक्सलच्या मधला गिअरचा गोळा) मातीवर टेकला असेल तर आधी तो मोकळा करा. चाकं सरळ, फोर लो (फोर बाय फोरची कमी वेगाची, जास्त ताकदीची रेंज), दुसरा गिअर, हलका ॲक्सिलरेटर. चाक गरगर फिरवलं की गाडी खालीच जाते. आणि शक्यतो मागे काढा, आलात तो रस्ता निदान माहीत असतो.

एक गोष्ट वाळूच्या व्हिडिओंपेक्षा वेगळी आहे. नाल्याच्या वाळूत हवा १८ पीएसआयपर्यंत उतरवली तर मोठा फरक पडतो. काळ्या चिकट मातीत तेवढा पडत नाही, तिथे टायर खालच्या मुरमापर्यंत पोचायला हवा. २२-२४ पुरे. १५ च्या खाली गेलात तर वळताना टायर रिमवरून सुटतो.

रानवाट

काळीमाती यांच्या बाकी सगळ्याला हो, फक्त पट्ट्याबद्दल वेगळं मत. कायनेटिक दोरानं हळू ओढता येतं, पण साध्या पट्ट्याला झटका देता येत नाही. ट्रॅक्टर चालवणाऱ्यानं क्लच कसा सोडायचा हे आपल्या हातात नसतं. त्यानं झटका दिलाच तर ताणणारा दोर तो शोषून घेतो, साधा पट्टा तो थेट हुकवर टाकतो. एकच घ्यायचा असेल तर १९ मिमी जाडीचा, ९ मीटरचा, ८-९ टनी कायनेटिक दोर घ्या. भरलेली थार दोन टनांच्या वर जाते. दोराची ताकद गाडीच्या तीन-चारपट हवी, कारण चिखलात चिकटलेली गाडी तिच्या वजनापेक्षा जास्त जोर मागते.

ट्रॅक्शन बोर्ड (चाकाखाली सरकवायच्या दातेरी प्लास्टिकच्या फळ्या) दोन ठेवा, एकटी गाडी असेल तर तेच खरे मदतनीस. चाकाच्या पुढे खोदून दाते टायरला भिडवा. चाक त्यावर गरगर फिरवू नका, प्लास्टिकचे दाते वितळतात. प्रत्येकाला दोन मीटरची लाल दोरी बांधा, गाडी वर चढली की बोर्ड चिखलात गायब होतो. जागा नसेल तर चार रिकामी गोणपाटाची पोती तरी ठेवा. चाकाखाली पऱ्हाटीच्या काड्या टाकतात तेव्हा त्या आडव्या टाका, टोकं टायरकडे करून नाही.

पांदणवाट

धन्यवाद सगळ्यांना. पट्टा की दोर, हे दोन्ही बाजूंनी कळलं. मी आधी कायनेटिक दोर घेतो, ओढायला ट्रॅक्टर असेल तर हळूच. जॅकबद्दल विचारायचं राहिलं. कंपनीचा पुरेल का, की तो उंच हाय-लिफ्ट घेऊ?

बारातेरापाना

हाय-लिफ्ट नको. त्याला बंपरवर किंवा साइड स्टेपवर मजबूत पकड लागते, जी तुमच्या मूळ बंपरवर नाही. मऊ जमिनीत तो आडवा होतो आणि दांडा उलटून जबड्यावर बसतो.

तीन ते पाच टनी बाटली जॅक घ्या, पण आधी उंची मोजा. तुमच्या टायरची उंची साधारण ७९ सेमी. हवा पूर्ण गेली की रिम जमिनीपासून जेमतेम दोन-तीन सेमी राहते, म्हणजे मागच्या ॲक्सलच्या नळीखाली २० सेमीच्या आसपास जागा उरते, आणि चाक चिखलात रुतलं असेल तर तीही नाही. मिटलेला जॅक २० सेमीपेक्षा उंच असेल तर तो खाली जाणारच नाही. मागे ॲक्सलच्या नळीखाली लावा, पुढे मात्र सस्पेन्शन वेगळं आहे, तिथे पुस्तकात दाखवलेल्या जागीच.

जॅकच्या खाली एक फूट बाय एक फूट, १८-२० मिमी जाडीचा प्लायवूड. हा तुकडा नसेल तर काळ्या मातीत गाडी वर जाण्याऐवजी जॅक खाली जातो. इतवारीत कोणीही कापून देतो, वर जुनी रबर मॅट खिळ्यांनी ठोका. उरलेल्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड किंवा लाकडी ठोकळे, हँडब्रेकवर विसंबू नका. नटसाठी अर्धा इंची ब्रेकर बार, त्यावर गाडीच्या नटाचा नेमका सॉकेट, आणि लॉक नट असतील तर त्यांची चावी ग्लोव्ह बॉक्समध्ये. चाक जमिनीवर असतानाच नट अर्धा फेरा सैल करायचे, आणि नवीन चाक लावून ५० किमी गेल्यावर पुन्हा आवळायचे.

थंडइंजिन

सुटे भाग सांगतो. आपल्या भागात गाडी बहुतेक उष्णतेनं मरते.

कूलंट दोन लिटर, तेही गाडीत असलेल्याच प्रकारचं. इंजिन ऑइल एक लिटर, ग्रेड मॅन्युअलमध्ये पाहून. ब्रेक फ्लुइड अर्धा लिटर, न उघडलेला डबा, कारण उघडल्यावर ते हवेतला ओलावा ओढतं आणि उतारावर उकळतं. चिखलदऱ्याच्या घाटात याचा अर्थ कळतो. फॅन बेल्ट एक, रेडिएटरचा वरचा होज एक, होज आवळायच्या जुबली क्लिप निरनिराळ्या मापाच्या सहा, सेल्फ-फ्युजिंग सिलिकॉन टेप एक रोल. हा टेप ताणून स्वतःवरच गुंडाळायचा, तो चिकटत नाही तर एकजीव होतो. फुटलेल्या होजवर घर गाठण्यापुरता पुरतो. एम-सील ठेवा, पण ते तेलकट जागेवर धरत नाही, आधी पेट्रोलनं किंवा ब्रेक क्लीनरनं पुसून कोरडं करा. डिझेलची टाकी घासली गेली असेल तर कपडे धुवायचा साबण भेगेत दाबून घासा, तात्पुरती गळती थांबते.

फ्यूज १०, १५, २० आणि ३० अँपिअरचे प्रत्येकी तीन. मोठ्या अँपिअरचा फ्यूज लहानच्या जागी कधीच नाही, तार जळते. अडीच चौरस मिमीची पाच मीटर वायर, इन्सुलेशन टेप, वीस-पंचवीस जाड केबल टाय, साधा मल्टिमीटर.

जम्पर केबल आहे, पण जाडी बघा. डिझेलला २५ चौरस मिमी तांब्याची हवी. जोडण्याचा क्रम: लाल तुमच्या बॅटरीच्या प्लसला, लाल चांगल्या बॅटरीच्या प्लसला, काळी चांगल्या बॅटरीच्या मायनसला, शेवटची काळी तुमच्या इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीवर नाही. शेवटच्या जोडीला ठिणगी उडते आणि बॅटरीजवळ वायू असतो.

लिथियमचा जम्प स्टार्टर घेणार असाल तर एक सांगतो: नवतप्यात उन्हात बंद उभ्या गाडीच्या आत सहज ६० अंशांच्या पुढे जातं. तो, पॉवर बँक आणि स्प्रेचे डबे उन्हाळ्यात घरात काढून ठेवा. प्लास्टिकच्या डब्यात पेट्रोल कधीच ठेवू नका.

रानवाट

गवताचं राहिलं. दिवाळीनंतर वाळलेलं गवत गाडीच्या पोटाशी अडकतं आणि डीपीएफ (डिझेलच्या धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) रीजनरेट होत असताना, म्हणजे साठलेली काजळी जाळत असताना, तिथलं तापमान ६०० अंशांपर्यंत जातं. गवतात गाडी उभी करून इंजिन चालू ठेवू नका, आणि थांबलात की खाली वाकून एक्झॉस्टभोवतीचं गवत हातमोजा घालून काढा. कुसळं रेडिएटरच्या जाळीत जातात, पुढे मच्छरदाणीची जाळी केबल टायनं लावा आणि दर १०-१५ किमीवर झटका.

दोन किलोचा एबीसी पावडरचा अग्निशामक चालकाच्या हाताशी ठेवा, मागे सामानाखाली नाही. सुई हिरव्यात आहे का बघा. पावडर खाली बसून दगडासारखी होते, म्हणून महिन्यातून एकदा उलटा करून हलवा.

पेंच, करांडला आणि त्यांच्या बफरमधल्या वाटांवर परवानगी असेल त्याच रस्त्यानं जा. तिथे चाक बदलायला खाली उतरण्याआधी वनरक्षकाला फोन करा.

पांदणवाट

आता पहिल्या फेरीत कंप्रेसर, पंक्चर किट, दोर, दोन शॅकल, फावडं-खुरपं, जॅक आणि प्लायवूड. बोर्ड आणि सुटे भाग पुढच्या महिन्यात. शेवटचं: हे सगळं गाडीत कुठल्या क्रमानं ठेवू? आणि पाणी किती?

काळीमाती

जड ते खाली आणि सीटच्या पाठीला टेकून: जॅक, कंप्रेसर, तेलं. दोन रॅचेट पट्ट्यांनी फरशीच्या कड्यांना बांधा, नाहीतर खड्ड्यात जॅकच डोक्यात बसेल. दोर, शॅकल, फावडं, हातमोजे सर्वात वर, कारण चिखलात उभं राहून मागचं दार उघडल्यावर पहिल्यांदा तेच लागतं. काच फोडायची हातोडी चालकाच्या दाराच्या खणात.

पाणी माणशी पाच लिटर, उन्हाळ्यात त्याच्या दुप्पट, आणि ओआरएसची सहा पाकिटं. पाकिटावर लिहिलेल्या तेवढ्याच पाण्यात विरघळवायचं: मोठं पाकीट असेल तर एक लिटर, ग्लासभर पाण्यात नाही. दगड किंवा काड्यांचा ढीग हलवताना हातमोजे घालाच, खाली मण्यार-घोणस असू शकते. चावलीच तर पट्टी आवळू नका, कापू नका, पाय न हलवता १०८ ला फोन करा.

गावाकडून पक्क्या रस्त्यावर आल्यावर रिमच्या आतली माती पाण्यानं पूर्ण धुवा. ती वाळली की ६० च्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं, आणि लोक उगाच अलाइनमेंट करायला जातात.