जोडाक्षरविरहित गोष्टींची पुस्तकं : मुलांची सोय की भाषेची आबाळ?

रानजाई : लेक पहिलीत आहे, म्हणून काल तीन पुस्तकं आणली, तिन्हीवर मोठ्या अक्षरात 'जोडाक्षरविरहित'. घरी वाचायला बसलो तर कुणी काही 'म्हणत'च नाही, नुसतं 'बोलतात', कारण म्ह चालत नाही ना! 'आईच्या कुशीत' नाही, 'माझ्या' नाही, 'तुम्ही-आम्ही' नाही, मुली 'आल्या-गेल्या' पण नाहीत. अहो, 'गोष्ट' आणि 'पुस्तक' या शब्दांतच जोडाक्षर आहे! शाळेत अक्षरं टप्प्याटप्प्याने शिकवतात ते ठीक, पण तो टप्पा गोष्ट लिहिणाऱ्याच्या डोक्यावर का बसवायचा?

खडूफळा : ताई, मी पालघरकडे झेडपीच्या शाळेत शिकवतो. माझ्या वर्गात घरी वारली बोलणारी पोरं आहेत, घरात दुसरं पुस्तक नाही. असं पोरगं बारा पानांचं पुस्तक कुणाला न विचारता संपवतं आणि परत पहिल्या पानापासून सुरू करतं, ते मी बघितलंय. पहिल्याच ओळीला 'स्वप्न' आलं की तेच पोरगं पुस्तक मिटवून ठेवतं. तुमच्या लेकीला शेजारी तुम्ही आहात, त्याला कोण आहे?

जुनी_वही : हेच २०१९ ला दुसरीच्या गणितात झालं. आकड्यांच्या नावातली जोडाक्षरं अवघड जातात म्हणून 'त्रेसष्ट'च्या जोडीला 'साठ तीन' आणलं, दोन्ही छापलं होतं तरी केवढा गदारोळ झाला! गणितात मला ते पटलं होतं, कारण तिथे संख्या कळणं महत्त्वाचं. पण गोष्टीत शब्द हाच माल आहे हो, तोच काढून घेतला तर उरलं काय.

रानजाई : @खडूफळा सर, पहिलं पुस्तक तसं असावं हे मान्य, खरंच मान्य. पण दुकानात सहा वर्षांच्या मुलासाठी दुसरं काही दाखवतच नाहीत त्याचं काय? 'चल रे भोपळ्या टुणूक टुणूक' लेकीला तिसऱ्या वर्षापासून पाठ आहे. त्यात 'म्हातारी' पण अडते आणि 'भोपळ्या' पण.

खडूफळा : ती वाचून दाखवायची गोष्ट, मी रोज शेवटच्या तासाला तेच करतो. ऐकायचं पुस्तक वेगळं, स्वतः वाचायचं वेगळं. आता निपुण भारत या केंद्र सरकारच्या वाचन-गणिताच्या मोहिमेत दुसरीला मिनिटाला ४५ ते ६० शब्दांचं लक्ष्य आहे, त्यामुळे सगळे दुसऱ्याच प्रकाराच्या मागे लागलेत आणि पहिल्याला वेळच उरत नाही, हे मात्र मलाही खुपतं.

जुनी_वही : मग पुस्तकावर तसंच छापा ना, 'मोठ्यांनी वाचून दाखवा'. निदान दुकानदार ते पुस्तक बाहेर तरी काढेल.