शब्दचर्चा: स्पॅनिश आडनाव 'हापोन', यातला अर्थ देशाचा की माणसाचा?

मंडळी, आज मराठी शब्द नाही, एक स्पॅनिश आडनाव घेऊन आलेय, पण शेवटी गाडी आपल्या आडनावांवर येतेच म्हणून इथेच टाकतेय.

माझं रोजचं काम म्हणजे स्पेनमधून आलेल्या याद्या तपासणं. नावाच्या रकान्यात नाव आहे ना, देशाच्या रकान्यात देश आहे ना, एवढंच बघायचं. गेल्या महिन्यात एका ओळीत पहिल्या आडनावाच्या जागी 'हापोन' दिसलं. स्पॅनिशमध्ये हापोन म्हणजे जपान. मला वाटलं टाईप करणाऱ्याने देश चुकून आडनावात टाकलाय, म्हणून मी ते काढलं, दुसरं आडनाव पहिल्याच्या जागी सरकवलं आणि फाईल पाठवून दिली. दोन दिवसांनी तिकडून मेल आला, अगदी सौम्य भाषेत, की तुम्ही आमच्या सहकाऱ्याचं वडिलांकडचं आडनाव पुसलंय, ते चुकून आलेलं नाही, कृपया परत घाला. मला खूप वाईट वाटलं. आपलं आडनाव कोणी तिसऱ्याच देशात बसून खोडलं तर आपल्याला कसं वाटेल, हे डोक्यातून जाईना. मग मी त्या आडनावाच्या मागेच लागले.

तर, हे आडनाव स्पेनमध्ये फार कमी लोकांचं आहे आणि त्यातले बहुतेक एकाच गावचे. गावाचं नाव कोरिया देल रिओ. (हा कोरिया वेगळा, कोरिया देशाशी काही संबंध नाही.) सेव्हिल शहराच्या खालच्या अंगाला, ग्वादालकिवीर नदीच्या काठावर, साधारण १२-१५ किलोमीटरवर. १६१४ साली या नदीतून एक जपानी शिष्टमंडळ वर आलं. सेंदाईचा बडा सरदार दाते मासामुने याने आपला एक सामुराई, हासेकुरा त्सुनेनागा, याला स्पेनच्या राजाकडे आणि रोमला पोपकडे पाठवलं होतं. स्पेनच्या ताब्यातल्या मेक्सिकोशी थेट व्यापार हवा होता आणि बदल्यात पाद्री पाठवा, आम्ही येऊ देऊ, असा मामला. बरोबर लुईस सोतेलो नावाचा फ्रान्सिस्कन पाद्री होता आणि तो मूळचा सेव्हिलचाच. ऑक्टोबर १६१३ मध्ये जपानहून निघाले तेव्हा जहाजावर सुमारे १८० माणसं होती. पॅसिफिक ओलांडून अकापुल्को, मग जमिनीवरून मेक्सिको सिटी, तिथून पलीकडच्या किनाऱ्यावर जाऊन परत जहाज, हवाना, आणि ऑक्टोबर १६१४ मध्ये ग्वादालकिवीरच्या मुखाशी सानलुकार बंदर. स्पेनला पोचेपर्यंत जपानी माणसं साधारण तीसेकच उरली होती, बाकीचे मेक्सिकोतच थांबले. सेव्हिलमध्ये वाजतगाजत शिरण्याआधी मंडळी या कोरियात उतरली.

आणि याच गावात पुढे हापोन आडनावाची घरं दिसायला लागतात. सांगा बरं, कोणाला आधी माहीत होतं का?

प्रतिसाद:
माहीत नव्हतं, मस्त. पण एक खटकतंय. मी स्पॅनिशच्या दोन लेव्हल केल्यात, 'जपानी माणूस' याला 'हापोनेस' म्हणतात. मग आडनाव हापोनेस पाहिजे ना? कातालान, गाय्येगो, नावार्रो ही आडनावं त्या त्या प्रांताच्या माणसाला म्हणतात त्यावरून आलीत. देशाचं नाव जसंच्या तसं आडनाव कसं झालं?

धागालेखिका:
अगदी हाच प्रश्न मला पडला होता आणि याचं उत्तर सापडलं तेव्हा मी खुर्चीतून उठून किचनमध्ये एक चक्कर मारून आले, इतका आनंद झाला.

आधी सोपी बाजू. स्पॅनिशमध्ये गावाचं नाव थेट आडनाव होणं नवं नाही, तोलेदो, सेव्हिया, कोर्दोबा ही सगळी आडनावं आहेत. आधी 'दे तोलेदो' म्हणजे 'तोलेदोचा', मग मधला 'दे' कितीतरी घरांत गळून गेला. त्या हिशेबाने 'जपानचा अमुक' वरून 'हापोन' झालं असं धरता येतं आणि बरेच जण तसंच सांगतात.

पण १६००-१७०० च्या काळातल्या स्पॅनिशमध्ये 'हापोन' हा शब्द देशालाही होता आणि माणसालाही! एक माणूस असेल तर 'उन हापोन', अनेक असतील तर 'लोस हापोनेस', बाई असेल तर 'हापोना'. मनिलाच्या बाहेर दिलाओ म्हणून जपान्यांची वस्ती होती, त्या काळच्या फिलिपिन्सच्या कागदांत तिथल्या माणसांना हापोनेसच म्हटलंय. म्हणजे आज जो तुम्ही 'हापोनेस' शिकलात तो एका माणसाचा शब्द, आणि तेव्हाचा 'हापोनेस' हे 'हापोन'चं अनेकवचन, दिसायला जवळपास सारखं पण घडण वेगळी, लिहिताना आजच्या शब्दात शेवटच्या स्वरावर आघाताची खूण येते, जुन्या अनेकवचनात नाही. हा जुना अर्थ स्पॅनिश अकादमीच्या कोशात अजून नोंदलेला आहे, 'हापोन, हापोना' म्हणजे जपानी.

आता याचा पुरावा म्हणावा असं एक माणूस सांगते. हासेकुराच्या पथकातला एक जण स्पेनमध्येच राहिला, बाप्तिस्म्याचं नाव तोमास फेलिपे. तो साफ्रा नावाच्या गावात एका मोठ्या माणसाकडे नोकरीला लागला, तर त्या मालकाने त्याला गुलामच करून टाकलं, डागसुद्धा दिला. त्याने १६२२ मध्ये राजाकडे अर्ज केला की मला मोकळं करा, मला माझ्या देशी परत जायचंय. त्याच्या नावाला जोडून येतं ते 'हापोन'. तिथे ते आडनाव म्हणून नाही, ओळख म्हणून आहे, जसं आपण म्हणू 'तो तोमास, जपानी'. कारकुनाला दुसऱ्या तोमासपासून हा तोमास वेगळा दाखवायचाय, बास. एक पिढी उलटली की त्याच जागचा तोच शब्द पोराच्या नावापुढे येतो, आणि पोरगं तर इथेच जन्मलेलं, त्याने जपान बघितलेलंही नाही. मग तो शब्द ओळख राहत नाही, आडनाव होतो. माझ्या मते आडनावातला हापोन म्हणजे देश नाही, 'जपानी माणूस'. पुढे भाषेतून तो अर्थ मागे पडला आणि नुसता देश उरला, म्हणून आज वाचणाऱ्याला (माझ्यासारख्या) वाटतं की देशाचं नाव भलत्या रकान्यात पडलंय.

प्रतिसाद:
म्हणजे 'हापोना'ही आडनाव असतं का, मुलींचं?

धागालेखिका:
नाही. स्पॅनिश आडनाव बाईसाठी बदलत नाही, मुलगीही हापोनच. आणि लग्नानंतरही ती हापोनच राहते, कारण तिथे बायका आडनाव बदलत नाहीत. प्रत्येकाला दोन आडनावं, एक वडिलांकडचं, एक आईकडचं. नेहमीचा क्रम वडिलांचं आधी, पण आता आईबाप ठरवतील तो क्रम लावता येतो. त्यामुळे छोट्या गावात काय होतं, की आईचंही हापोन आणि बाबांचंही हापोन, मग पोराच्या कागदावर 'हापोन हापोन'. बाहेरचा माणूस नक्की म्हणणार की कॉपी-पेस्ट दोनदा झालंय. कृपया कोणी असलं काम करत असाल तर हात लावू नका त्याला.

प्रतिसाद:
आकडे काय आहेत? किती लोक?

धागालेखिका:
कोरिया देल रिओची वस्ती तीस हजाराच्या आसपास आणि त्यात हापोनवाले साधारण सहा-सातशे. तुलनेला, गार्सिया हे पहिलं आडनाव असलेले स्पेनमध्ये चौदा लाखांहून जास्त आहेत. म्हणजे देशाच्या हिशेबाने हापोन अगदी नगण्य, पण गावात शाळेच्या हजेरीपटावर हमखास. बाकीचे सेव्हिलच्या आजूबाजूला, मुख्यतः नोकरीधंद्याला पांगलेले.

स्पेनची सांख्यिकी संस्था आडनावांची माहिती उघड ठेवते, कोणीही जाऊन आडनाव टाकावं, पहिलं म्हणून किती जणांचं, दुसरं म्हणून किती, दोन्हीकडून तेच असलेले किती, असे तीन वेगळे आकडे येतात, आणि कुठल्या प्रांतात किती तेही. देशभरात वीसपेक्षा कमी लोक असतील तर दाखवत नाहीत, म्हणजे कोणाची वैयक्तिक ओळख उघडी पडत नाही. आपल्याकडे असं काही असतं तर मी रात्र रात्र त्यावर बसले असते, खरं सांगते.

प्रतिसाद:
सगळं छान आहे पण हे सगळे खरंच त्या सामुराईंचे वंशज कशावरून? कोणी दुसरा जपानी आला असेल, किंवा जपानशी व्यापार करणाऱ्याला गावाने चिडवायला नाव पाडलं असेल. आपल्याकडे 'लंडनवाले' म्हणतात तसं.

धागालेखिका:
शंका रास्त आहे. अमुक सामुराईचा तमुक मुलगा असा थेट जोडणारा कागद नाही, दुवा परिस्थितीवरून लावलेला आहे. पण परिस्थिती भक्कम आहे. शिष्टमंडळ येताना याच गावात उतरलं. परतीच्या वेळीही सेव्हिलच्या परिसरातच अडकून होतं आणि हासेकुरा १६१७ मध्ये निघाला तेव्हा सगळे त्याच्याबरोबर गेले नाहीत. का गेले नाहीत तेही बघा. हे लोक निघाले १६१३ मध्ये आणि १६१४ च्या सुरुवातीलाच जपानच्या तोकुगावा सरकारने देशभर ख्रिस्ती धर्मावर बंदी घातली. ज्यांनी बाप्तिस्मा घेतला त्यांना घरी जाणं म्हणजे जिवावरची गोष्ट. (हासेकुराने स्वतः फेब्रुवारी १६१५ मध्ये माद्रिदला राजासमोर बाप्तिस्मा घेतला होता. तो १६२० मध्ये घरी पोचला आणि १६२२ मध्ये वारला. सोतेलो लपून जपानमध्ये परत गेला, त्याला १६२४ मध्ये ओमुराला जिवंत जाळलं.) आणि मग सतराव्या शतकाच्या मध्याला कोरियातल्या सांता मारिया दे ला एस्त्रेया चर्चच्या नोंदींत हापोन दिसायला लागतं. म्हणजे नातवंडांचा काळ, बरोबर जुळतो. २०१३ मध्ये जपानी संशोधकांनी गावातल्या हापोन लोकांचे डीएनए तपासायला रक्ताचे नमुने घेतले, पण चारशे वर्षांत किती बाहेरचं रक्त मिसळलं असेल, चौदा-पंधरा पिढ्या, एका पूर्वजाचा वाटा किती उरणार!

एक गोष्ट मात्र मी मानत नाही. कोणी म्हणतं त्या भागात भातशेती आहे ती या जपान्यांमुळे. तिथल्या दलदलीतली मोठी भातशेती विसाव्या शतकातली आहे. कथा गोड आहे म्हणून चिकटवू नये.

प्रतिसाद:
मला एक कळत नाही, मेक्सिकोत तर जास्त जपानी राहिले ना, मग तिथे हापोन आडनाव का नाही पसरलं?

धागालेखिका:
कारण तिथे ज्यांची माहिती मिळते त्यांनी सरळ स्पॅनिश आडनावं घेतली. ग्वादालाहारामध्ये सतराव्या शतकात लुईस दे एन्सियो आणि त्याचा जावई हुआन दे पाएस हे दोघे जपानी व्यापारी होते, चांगले पैसेवाले. आडनावावरून पत्ता लागणार नाही. आपल्या गोव्यात बाप्तिस्म्याबरोबर फर्नांडिस, डिसोझा आले तसंच, पूर्वीचं नाव आतमध्ये झाकलं गेलं. आणि मेक्सिकोत अजून एक गंमत, मनिलाहून जहाजाने जो कोणी आशियाई उतरेल तो 'चिनो', म्हणजे चिनी, मग तो कुठलाही असो. पुएब्लाची कातारिना दे सान हुआन, जी १६८८ मध्ये वारली, ती हिंदुस्थानातली, कोचीनला बाप्तिस्मा झालेली, मनिलाच्या बाजारात विकली गेलेली, आणि तिला तिथे म्हणत काय तर 'चिना'. त्या मानाने कोरियाच्या लोकांनी जपान्याला जपानी म्हटलं हेच विशेष.

प्रतिसाद:
आपल्या '-कर' सारखंच झालं की हे.

धागालेखिका:
हो आणि थोडं नाही पण. आडनाव म्हणून '-कर' लागतो तो बहुतेक गाव सोडल्यावर. मंगेशीत सगळेच मंगेशीचे, तिथे मंगेशकर म्हणून कोणाला वेगळं दाखवणार? बाहेर पडलं की ते नाव कामाला येतं. (पुण्यात राहून 'आम्ही पुणेकर' म्हणतात ते विशेषण, ती वेगळी गोष्ट, उगाच वाद नको.) हापोनही तसंच, जपानमध्ये कोणाचं आडनाव जपानी असणार?

पण '-कर' आपण स्वतःही लावून घेतो. हापोनशी जास्त जवळचं मला द्रविड, तेलंग, कानडे हे वाटतं. ही नावं बघणाऱ्याने ठेवलेली आहेत. घरात चार पिढ्या मराठी बोलतायत, वरणभात-तूप खातायत, आणि आडनाव सांगतंय की हे तिकडचे. बडोद्यात मराठी माणसाला 'दक्षिणी' म्हणत, ते गुजरातमध्ये उभं राहिलं तरच खरं आहे, कोल्हापुरात त्याला अर्थच नाही.

आणि हापोनमध्ये तर अजून एक पदर आहे. जपानी लोक आपल्या देशाला निप्पोन किंवा निहोन म्हणतात. 'हापोन' ज्या रूपावरून आलं ते चिनी उच्चारातून, मलायच्या बंदरांतून, पोर्तुगीज खलाशांच्या तोंडून युरोपात पोचलेलं. म्हणजे कोरियातल्या त्या पहिल्या माणसाला हा शब्द आयुष्यभर परकाच होता. त्याचं स्वतःचं नाव कोणाला उच्चारता येईना म्हणून गेलं, आणि लोकांनी त्याच्या देशाला ठेवलेलं नाव त्याच्या नातवंडांना वारशात मिळालं. मला हे वाचून भरून आलं.

प्रतिसाद:
त्या लोकांना स्वतःला काय वाटतं याचं?

धागालेखिका:
अभिमान! नदीकाठच्या बागेत हासेकुराचा पुतळा आहे, जपानने दिलेला, कमरेला तलवारी आणि तोंड नदीकडे. जून २०१३ मध्ये जपानचे तेव्हाचे युवराज नारुहितो, म्हणजे आताचे सम्राट, तिथे गेले आणि चेरीचं झाड लावून आले, तेव्हा स्वागताला गावातले हापोन लोक उभे होते. स्पॅनिश फुटबॉल बघणाऱ्या जुन्या लोकांना हापोन सेव्हिया नावाचा रेफरी आठवत असेल, नव्वदच्या दशकातला. त्याच्या नावात एक आडनाव जपानचं आणि एक सेव्हिलचं, वाचलं की नदीतून वर येणारं ते जहाजच दिसतं.

प्रतिसाद:
शेवटचं, मराठीत लिहायचं कसं? जापोन, खापोन की हापोन?

धागालेखिका:
'जापोन' नक्की नको. माद्रिदकडे तो पहिला आवाज घशातून घासून येतो, आपल्या 'ख'च्या जवळ, पण अंदालुसियात, म्हणजे सेव्हिलच्या भागात, तो मऊ 'ह' होतो आणि हे आडनाव तिथलंच, म्हणून हापोन. जोर 'पो'वर द्यायचा. शेवटचा 'न' तिकडे नाकात जातो, जवळजवळ 'हापोङ', पण लिहिताना तेवढं नको.

मी माझ्या यादीत ते परत घातलंय, पहिल्या आडनावाच्या रकान्यात, आणि शेजारी पुढच्या तपासणाऱ्यासाठी टीप टाकलीय: आडनावच आहे, काढू नये.