सावली किती वाजता गायब होते, हे कोणाला विचारायचं?

माळावरचा मास्तर

सातारा जिल्ह्यातल्या एका गावात आम्ही चौघं-पाचजण वाचनालयाच्या मागच्या खोलीत दर रविवारी मुलांचं विज्ञान मंडळ चालवतो. फी नाही, परीक्षा नाही, हजेरी नाही. पंधरा-वीस मुलं येतात. उन्हाळ्यात तीस होतात, कारण खोलीला पंखा आहे.

मे महिन्यात आमचा ठरलेला कार्यक्रम म्हणजे शून्य सावली, सूर्य मध्यान्हीला बरोबर डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली नाहीशी होते तो दिवस. यंदा एका उत्साही कार्यकर्त्याने एआयकडून कृतिपत्रिका करून घेतली. दिसायला देखणी. तीत लिहिलं होतं की २१ जूनला, म्हणजे सर्वांत मोठ्या दिवशी, दुपारी बरोबर १२ वाजता आपली सावली नाहीशी होते. आता, अख्खा महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला. २१ जूनला सूर्य आपल्या डोक्यावरून पुढे उत्तरेला गेलेला असतो. त्या दिवशी आमच्याकडे मीटरभर काठीची मध्यान्हीची सावली दहा सेंटिमीटर पडते, तीही दक्षिणेकडे. आमची शून्य सावली १०-११ मेच्या सुमारास. दुसऱ्यांदा ती ऑगस्टच्या सुरुवातीला येते, पण तेव्हा सूर्य कुठे दिसायला!

चूक मी पकडली, दुरुस्त केली. चुकीबद्दल माझी तक्रार नाही, चुका पुस्तकांतही असतात. तक्रार पुढे आहे.

दरवर्षी मी मुलांना विचारतो, सावली सर्वांत आखूड किती वाजता? सगळी ओरडतात, ‘बारा!’ मग मैदानात काठी रोवायची, दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडूने खूण करायची. बारा वाजतात आणि सावली आखडतच राहते. सव्वाबारा, तरी आखडतेय. ‘सर, तुमचं घड्याळ पुढे आहे.’ साडेबाराला ती काठीच्या बुडाशी जाऊन बसते. मग घरी जाईपर्यंत भांडण, घड्याळ खोटं की सूर्य? यंदा सातवीतल्या एकाने वडिलांचा फोन काढला, विचारलं आणि सांगितलं, ‘सर, साडेबारा.’ उत्तर शंभर टक्के बरोबर होतं. उन्हात कोणी आलं नाही. पंख्याखालीच सगळी बसून राहिली.

चुकीच्या उत्तराने आमचं नुकसान झालं नाही, बरोबर उत्तराने झालं. म्हणून रविवारी तरी फोन दाराबाहेर ठेवावा असं माझं मत झालंय. तुमचं काय म्हणणं?

डेटाभाऊ

सर, आदर ठेवून सांगतो, दोष फोनचा नाही, प्रश्नाचा आहे. ‘किती वाजता’ हा प्रश्नमंजूषेतला प्रश्न झाला. फोन नसता तरी एखाद्याच्या दादाने सांगून टाकलं असतं.

साडेबारा कळल्यावर मजा सुरू व्हायला हवी. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्ताची. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात. तुम्ही ७४ अंशांवर, म्हणजे साडेआठ अंश मागे, म्हणजे ३४ मिनिटं. त्यातून मे महिन्यात साधारण साडेतीन मिनिटं वजा होतात, कारण पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आहे आणि आस कललेला आहे. म्हणूनच शून्य सावलीच्या दिवशी मुंबईची मध्यान्ह १२:३५ च्या आसपास आणि नागपूरची १२:१० च्या. मी एआयच्याच मदतीने तासाभरात एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. गाव टाका, तारीख आणि वेळ हजर. पूर्वी हे करायला मला पंचांग आणि एक अख्खा रविवार लागला असता. आता त्या मुलाला विचारा, ‘नागपूरच्या मामाकडे वीस मिनिटं आधी का?’ बघा बसतो का पंख्याखाली.

शर्मिष्ठा

डेटाभाऊ, तुम्ही तासाभरात प्रोग्रॅम लिहिलात, कारण पंचांगवाला रविवार तुम्ही आधी घालवला होता. त्या मुलाने अजून घालवलेला नाही.

मी वांगणीला आकाशदर्शनाला स्वयंसेवक म्हणून जाते. माझा अनुभव सांगते. पहिली गोष्ट, अंधाराला डोळे सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात. आम्ही विजेरीवर लाल जिलेटीन लावून फिरतो आणि कोणीतरी ‘तो तारा कुठला’ म्हणून पांढराशुभ्र पडदा पेटवतो. चाळीस जणांचे डोळे पुन्हा पहिल्यापासून! दुसरी गोष्ट भाषेची. एका मुलीने फोनला मराठीत विचारलं, तर उत्तर आलं ‘कालपुरुष’ आणि ‘लुब्धक’. ती बिचारी गोंधळली. अगं, हे तुझ्या आजीचं मृग आणि हा व्याध! मृगाच्या पोटातल्या तीन ताऱ्यांना आजी तिकांडं म्हणते. आजीला विचारलं असतं तर गोष्टही ऐकायला मिळाली असती. हिंदीवर मराठी प्रत्यय चिकटवून आलेलं विज्ञान मुलं मराठी समजून पाठ करताहेत.

आणि २०२५ च्या जानेवारी-फेब्रुवारीतली ती ‘ग्रहांची रांग’. कोणीतरी यंत्राकडून काढून घेतलेली चित्रं फिरत होती, सहा टपोरे रंगीत गोळे एका ओळीत. ती बघून आलेल्या लोकांना खरा शुक्र दाखवला तर म्हणाले, ‘एवढाच?’ दुर्बिणीतून गुरूचे चार चंद्र बघून एरवी माणसं गप्प होतात. त्या वर्षी गप्प झाली ती निराशेने.

खवट

मास्तर, निम्मे शिक्षकसुद्धा बाहेर न जाताच ‘सावली बारा वाजता सर्वांत लहान’ असं फळ्यावर लिहितात. त्यांना दाराबाहेर ठेवायची काही सोय?

तळोद्याची ताई

मी बरेच दिवस नुसती वाचते, आज लिहावंसं वाटलं.

सर, तुमच्या मंडळात तुम्ही आहात. आमच्याकडे मी आहे, आणि मी बी.ए. मराठी. संध्याकाळी अंगणात वीस पोरं जमतात. साबणाच्या पाण्याचा फुगा गोल का, मुंग्या ओळीने का चालतात, असलं विचारतात. पूर्वी मी ‘उद्या सांगते’ म्हणायची आणि तो उद्या यायचा नाही. आता रात्री मी फोनला विचारते, तीनदा उलटून विचारते, आणि सकाळी घरातल्या सामानात होईल असा प्रयोग करून बघते. जमला तरच पोरांपुढे. मला विज्ञान शिकवायला दुसरं कोण आलं होतं?

दुसरं, मोठ्या मुली. ग्रहणात गरोदर बाईने भाजी चिरली तर बाळाचा ओठ फाटतो का, पाळीत लोणच्याला हात लावला तर ते खरंच नासतं का, हे त्या मला तोंडावर विचारत नाहीत. माझा फोन मागून नेतात, परत देतात तेव्हा चेहरा वेगळा असतो. हे बंद करा म्हणायला माझी जीभ उचलत नाही.

एक मात्र खरं. आमची पोरं घरी पावरी बोलतात. फोनला पावरीत शब्द विचारले तर त्याने बिनदिक्कत बनवून दिले. पोरं खो-खो हसली. यंत्र इतक्या ठामपणे खोटं बोलू शकतं, हे त्यांना त्या दिवशी कळलं. माझ्या सांगण्याने कळलं नसतं.

सर्पमित्र कोकण

ठाम खोटं परवडतं कुठे, ते बघायला हवं. झाडं आणि पक्षी ओळखायला मी स्वतः अ‍ॅप वापरतो. मर्लिन चालू केलं की आवाजावरून पक्षी सुचवतं, आणि शिबिरातली मुलं तो पक्षी शोधायला आपणहून धावतात. तिथे मुलं फोनमुळे बाहेर पडतात, मास्तर, हेही नोंदवा.

पण साप? घरात शिरलेल्या सापाचा हलता, अर्धवट फोटो काढून एकाने एआयला विचारलं, उत्तर ‘कवड्या, बिनविषारी’. निघाला मण्यार. दोन्ही काळपट, दोघांवर आडवे पांढरे पट्टे. कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होऊन शेपटीकडे पुसट होतात. मण्यारीचे डोक्यापासून जरा अंतर सोडून सुरू होतात आणि शेपटीपर्यंत ठळक राहतात. पाठीच्या मध्यावर मोठ्या षटकोनी खवल्यांची ओळ दिसली तर मण्यार. फोटोत नेमकी शेपूट नव्हती. जाणता माणूस म्हणाला असता, ‘शेपूट दिसत नाही, मी सांगणार नाही. लांब उभे राहा, मी येतो.’ हे ‘सांगणार नाही’ त्या यंत्राला जमलं नाही. मण्यार रात्री झोपेत चावते, दुखतसुद्धा नाही फारसं. शिबिरात मी मुलांना सापाचा फोटो यंत्राला दाखवायची साफ मनाई केली आहे, त्यावर चर्चा नाही.

फ्रँकफुर्टकर

आमच्याकडे शून्य सावली कधीच होत नाही, अक्षांश ५०. पण शनिवारच्या मराठी शाळेसाठी मी एआयला म्हटलं, सावलीचं काहीतरी सुचव, आजी-आजोबांना सामील करून. त्याने सुचवलं ते असं: एकाच दिवशी इथे आणि कोल्हापूरला सारख्याच उंचीची काठी रोवा, आपापल्या मध्यान्हीला सावली मोजा, कोन काढा, वजाबाकी करा. फरक साधारण साडेतेहतीस अंश यायला हवा. त्यावरून आणि दोन गावांमधल्या दक्षिणोत्तर अंतरावरून पृथ्वीचा घेर. प्राचीन ग्रीक विद्वान एरॅटोस्थेनिसने इजिप्तमधल्या अलेक्झांड्रिया आणि सायिनी या शहरांमधल्या साधारण सात अंशांच्या फरकावरून केलं तेच.

आजोबा ८१ वर्षांचे, गच्चीवर टोपी घालून पट्टी घेऊन उभे. पहिल्या दिवशी आमच्याकडे ढग, दुसऱ्या दिवशी त्यांनी सावली काठीच्या मधोमध मोजायच्या ऐवजी कडेपासून मोजली. तीन आठवडे हे चाललं. कल्पना यंत्राची होती, पण घाम आजोबांचा. यात काय वाईट झालं?

माळावरचा मास्तर

फ्रँकफुर्टकर, काहीच वाईट झालं नाही, उलट मला हेवा वाटला. पण बघा, तिथे यंत्राला तुम्ही विचारलंत, मुलांनी नाही. ताईंचंही तेच. मोठ्यांनी रात्री विचारायचं, सकाळी करून बघायचं, याला माझा विरोध नाहीच. मूळ धाग्यात मी दोन्ही एकत्र केलं, ती माझी चूक. मोठ्या मुलींचा मुद्दा मात्र मी ध्यानातच घेतला नव्हता. तिथे मी माघार घेतो.

नारळीकर सर मुलांना सही द्यायचे नाहीत. पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठव, उत्तर देईन म्हणायचे आणि द्यायचे. पोस्टकार्ड जाऊन येईपर्यंत जे दिवस जात, त्यात पोरगं त्या प्रश्नाभोवती किती घिरट्या घालत असेल! ते दिवस मला वाचवायचे आहेत.

डेटाभाऊ

सर, ते पोस्टकार्ड मलाही आवडतं. पण ते लिहायला नारळीकर कुठल्या तरी सभागृहात भेटावे लागायचे. तळोद्याच्या अंगणातून किती कार्डं गेली असतील? उशीर तुम्हाला गोड वाटतो, कारण तुमच्यापर्यंत उत्तर पोहोचत होतं. ज्यांचा ‘उद्या’ आलाच नाही, त्यांना विचारा.

शर्मिष्ठा

म्हणजे एकीकडे उत्तरच नाही आणि दुसरीकडे प्रश्न पुरता फुटायच्या आत उत्तर, एवढेच दोन पर्याय? अंगणात ताई आहे ना. तिला चांगलं प्रशिक्षण द्या, दुर्बीण द्या, प्रवासखर्च द्या. ते महाग पडतं म्हणून फोन स्वस्तात पुढे केला जातोय, आणि आपण इथे फोनच्या गुणदोषांवर भांडतोय.

खवट

प्रवासखर्च! शर्मिष्ठाताई, विनोद तुम्हीच केलात आज.

माळावरचा मास्तर

पुढच्या मे महिन्यासाठी एक ठरवलंय. ती २१ जूनवाली चुकीची कृतिपत्रिका मी फाडली नव्हती. तीच झेरॉक्स काढून मुलांना देणार. वर लिहिणार, ‘हे यंत्राने लिहिलंय. खरं आहे का?’ आणि बाजूला काठी आणि खडू. मुद्दाम चुकीचं वाचायला देऊ नये असं आमच्या मंडळातल्या दोघांचं म्हणणं आहे. त्यांच्याशी माझं अजून जमलेलं नाही.

तळोद्याची ताई

सर, ती पत्रिका मलाही पाठवा. आमच्याकडे शून्य सावली कधी येते हो?

डेटाभाऊ

ताई, तळोदा साडेएकवीस अंशांवर, म्हणजे २८-२९ मे, साडेबाराच्या सुमारास.

माळावरचा मास्तर

अरे, सांगून टाकलंस!