मदत हवी आहे: अर्डिस्लीच्या कुंडाचे फोटो कसे काढू?

मंडळी, पुढच्या शनिवारी इंग्लंडमधल्या हेरफर्डशायरला अर्डिस्ली गावच्या चर्चमध्ये जातोय, तिथलं बाप्तिस्म्याचं दगडी कुंड बघायला, साधारण ११५० च्या सुमाराचं आहे. कोरीवकाम भन्नाट, दोन योद्धे भिडलेत, एकाकडे भाला, दुसऱ्याकडे तलवार, शेजारी येशू एकाला हात धरून नरकातून चक्क खेचून काढतोय, शिवाय एक भलामोठा सिंह! पण समोरून फ्लॅश मारला की कपड्यांच्या चुण्या पार सपाट दिसतात म्हणे, मग बाजूने छोटी टॉर्च धरू का, मोबाईलवर जमेल? १२३६ मध्ये कुंडांना कुलूपबंद झाकण लावायचा आदेश निघालेला, लोक जादूटोण्यासाठी पाणी पळवायचे म्हणून, तर त्या कड्यांच्या खुणा काठावर नेमक्या कुठे शोधायच्या? जवळच किलपेक गावचं कोरीवकामाचं जुनं चर्चही करायचंय, एका दिवसात दोन्ही होतील ना?